उत्तर मॅसिडोनिया: काय खावं, काय प्यावं (आणि शाकाहारी असाल तर काय मागावं)

सांडगी मिरची

ओह्रिडला निघालेली मंडळी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) हमखास विचारतात, "तिकडे खायला काय मिळतं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "आम्ही शाकाहारी, मॅगी न्यावी का?" तेच तेच टंकून कंटाळा आला, म्हणून धागाच काढते. स्कोप्येत (इथल्या राजधानीत) राहायला येऊन बरीच वर्षं झाली, बाजारहाट माझ्याकडेच असतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या बाजूने लिहीन. किल्ले, चर्च, तलाव यांवर इथे दुसरे धागे आहेत.

मॅगी नेऊ नका.

हा देश मांस रेटून खाणाऱ्यांचा आहे, पण राष्ट्रीय पदार्थ म्हणून ज्याचं नाव घेतात तो तावचे ग्रावचे म्हणजे भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा. तेतोवोकडचा घेवडा यासाठी नावाजलेला. मोठा दाणा, पातळ साल. रात्रभर भिजवायचा, एक उकळी आली की ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात कांदा, सुकी लाल मिरची घालून मऊ शिजवायचा. दाणा मोडता कामा नये. दुसरीकडे तेलात भरपूर कांदा परतून त्यात थोडा मैदा आणि लाल मिरचीची पूड घालतात. ही पूड रंगाची, तिखटाची नव्हे. हे घेवड्यात कालवायचं, पुदिना चुरडून टाकायचा आणि मातीच्या पसरट भांड्यात ओतून भट्टीत सरकवायचं. वर तांबूस, खरपूस पापुद्रा धरला पाहिजे आणि चमचा खुपसला की आतून दाट रस आला पाहिजे. कोरडं ठणठणीत आलं तर ते कालचं गरम केलेलं समजा. पाव बुडवून खायचं, शेवटी भांड्याची कड पावाने पुसून घ्यायची. त्यात कोणी काही वाईट मानत नाही.

काही ठिकाणी यात सॉसेजचे तुकडे टाकतात, म्हणून मागवताना "बेझ मेसो" (मांसाशिवाय) म्हणा.

आता खरी किल्ली. इथले बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आहेत आणि त्यांचे उपास कडक. बुधवार, शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, २८ नोव्हेंबरपासून ७ जानेवारीच्या नाताळापर्यंतचे चाळीस दिवस, ऑगस्टमध्ये १४ ते २७. या दिवसांत मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य. सगळेच पाळतात असं अजिबात नाही, पण पाळणारे इतके आहेत की खानावळी आणि बेकऱ्या दोन्हींना त्यांची सोय करावी लागते. अशा जेवणाला पोस्नो म्हणतात. तुम्ही "व्हेजिटेरियन" म्हणालात तर वेटर चिकन सुचवण्याची शक्यता आहे. "पोस्नो" म्हणालात की त्याला बरोबर कळतं. फक्त एक मेख आहे: उपासाच्या काही दिवशी मासा चालतो, म्हणून पोस्नोच्या यादीत मासा दिसतो. "बेझ रिबा" हेही घोकून ठेवा.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते.

मुंगी उडाली

वाचनखूण साठवली. सप्टेंबरात जाणार आहोत, सासूबाई सोबत. त्या कांदा-लसूणही खात नाहीत. काही आशा?

सांडगी मिरची

मुंगीताई, कांदा म्हणजे क्रोमिद, लसूण म्हणजे लुक. "बेझ क्रोमिद, बेझ लुक" कागदावर लिहून द्या, हातवाऱ्यांपेक्षा ते बरं. (सर्बियातून येणार असाल तर जपून, तिकडे लुक म्हणजे कांदा.) घेवडा त्यांच्यासाठी बाद, कारण कांदा त्यात आधीच विरघळलेला असतो. पण काचामाक चालेल: मक्याच्या पिठाचं घट्ट उकडलेलं, वर चुरलेलं सिरेन्ये. सिरेन्ये म्हणजे खारवलेलं पांढरं चीज, ते घरोघरी, जेवणात तिन्ही त्रिकाळ असतं. मेकित्सी चालतील: फुगवलेल्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, साखर किंवा मधाबरोबर. अंडं खात नसतील तर विचारून घ्या, काही जण पिठात घालतात. शोप्स्का सॅलड कांदा वगळून मिळतं: टोमॅटो, काकडी आणि वर किसलेल्या सिरेन्येचा डोंगर. हे सॅलड सगळीकडे, रोज, दोन्ही वेळा, आणि उन्हाळ्यात टोमॅटो इतके गोड असतात की कंटाळा येत नाही.

सासूबाई अगदी काटेकोर असतील तर दोन गोष्टी. पारंपरिक चीज विरजताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. आणि बेकरीतल्या बुरेकाच्या (पापुद्र्यांचा भाजलेला, बहुधा सारण भरलेला प्रकार) पापुद्र्यांना कधी कधी डुकराची चरबी लावलेली असते. अल्बेनियन किंवा तुर्की मुसलमानांच्या बेकरीत हा प्रश्नच येत नाही. तिथूनच घ्या.

टपरीवाला

ताई, सगळं ठीक, पण आम्ही मांसाहारी लोकांनी काय पाप केलंय? केबाब कुठे?

ऐतिहासिक उसळ

सिकंदर काय खात होता तेही येऊ द्या. आणि "उत्तर" कशाला? ग्रीकांच्या दबावाखाली नाव बदललं ते आपण का मानायचं?

निवांत नाना

उसळराव, देशाने २०१९ साली स्वतःच्या घटनेत नाव बदलून घेतलंय, आपण न मानून काय होणार? त्या वादासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे पोटभर भांडायला येतो. इथे जेवू द्या.

सांडगी मिरची

नाना, आभार.

टपरीवाला, तुमच्यासाठी. स्कोप्येत दगडी पूल ओलांडला की जुना बाजार लागतो, त्याला चार्शिया म्हणतात. मदर टेरेसांचं स्मारकगृह (त्यांचा जन्म इथलाच, १९१०) पुलाच्या अलीकडे, तिथून दहा मिनिटांत चालत जाता येतं. बाजाराच्या गल्ल्यांत कोळशावरच्या केबाबाचा धूर नाकात शिरला की पत्ता विचारावा लागत नाही. क्येबापी म्हणजे बोटभर लांबीचे कातडी नसलेले खिम्याचे रोल. पूर्ण प्लेट साधारण दहाची, पण पाच मागितले तरी हसत देतात. सोबत चिरलेला कच्चा कांदा, भाजलेली हिरवी मिरची, तव्यावर त्याच चरबीत शेकलेला पाव आणि बुकोवेत्स. बुकोवेत्स म्हणजे सुक्या लाल मिरचीचा जाडसर भरडा. मिठाच्या शेजारी प्रत्येक टेबलावर याची डबी असते. आपल्या जिभेला तो सौम्य वाटेल, पण धुरकट वास मस्त.

महत्त्वाचं: जुन्या बाजारातली दुकानं बहुतेक मुसलमानांची, त्यामुळे तिथे डुक्कर नसतं, गोमांस असतं. शहराच्या इतर भागांत उलट, खिमा डुकराचा किंवा मिश्र. दोन्ही नको असेल तर चिकन, म्हणजे पिलेश्को, किंवा कोकरू, म्हणजे यागनेश्को. स्विन्स्को म्हणजे डुकराचं, तेलेश्को म्हणजे वासराचं. आधी विचारा, मागून हळहळ नको.

टपरीवाला

हे झकास. आणखी?

सांडगी मिरची

सेल्स्को मेसो: डुकराचं मांस, मशरूम, कांदा, पांढरी वाइन, मातीच्या भांड्यात. तुर्ली तावा: मांसाबरोबर वांगं, बटाटा, मिरची आणि चक्क भेंडी. भेंडीला बाम्या म्हणतात. पूर्वेकडे श्तिप, वेलेसकडे गेलात तर पास्त्रमायलिया: होडीसारखी लांबट रोटी, वर खारवलेल्या मांसाचे बारीक चौकोनी तुकडे, शेवटी अंडं फोडून घालतात. जड प्रकार आहे. दोघांत एक मागवा, नाहीतर दुपार झोपण्यात जाईल.

खमंग काकडी

मेलबर्नहून लिहितेय. इथे मॅसिडोनियन वस्ती बरीच जुनी आणि मोठी आहे, आमच्या उजव्या हाताचं घर त्यांचंच. इतके प्रतिसाद झाले आणि आयवारचं, म्हणजे भाजलेल्या लाल मिरचीच्या चटणीचं, नाव नाही? निषेध.

मार्च उजाडला की (आमचा शरद ऋतू) शेजाऱ्यांच्या गॅरेजमधली गाडी बाहेर आणि मिरच्यांची पोती आत. मिरची म्हणजे लाल, लांबट, टोकदार, जाड गराची गोड मिरची, तिला कापिया म्हणतात. सिमला मिरचीने काम भागतं, पण पाणी फार सुटतं. आजीबाई पत्र्याच्या चुलीसमोर स्टुलावर बसून एकेक मिरची हाताने फिरवत भाजतात. साल काळी पडून सुटली पाहिजे, गर जळता कामा नये. भाजलेल्या गरम मिरच्या झाकून ठेवल्या की घामेजतात, मग साल हाताने ओढून निघते. मी पहिल्या वर्षी मदतीला गेले आणि नळाखाली धुवायला लागले, तर आजींनी हातातून मिरची काढूनच घेतली. पाण्याने भाजल्याचा सगळा वास वाहून जातो म्हणे. बोटं काळी होतात, तशीच होऊ द्यायची.

सोललेल्या मिरच्या रात्रभर चाळणीत निथळतात. सकाळी दळून मोठ्या पातेल्यात तेल-मीठ घालून परतत बसायचं. तास, दोन तास, तीन तास. तळाला लागू द्यायचं नाही म्हणून हात थांबवायचा नाही, घरातले सगळे पाळीपाळीने ढवळतात. लाकडी चमचा ओढल्यावर पातेल्याचा तळ दिसला आणि ती वाट लगेच बुजली नाही की झालं. गरम गरम बरण्यांत. हिवाळ्याच्या बेगमीला ते झिम्नित्सा म्हणतात, आणि आयवार हा त्यातला मानाचा.

पावावर सिरेन्ये आणि आयवार. नाश्ता असाच असतो, दुसरं काही लागत नाही.

कडकलक्ष्मी

काकडे, वांगं विसरलीस. आयवारमध्ये भाजलेलं वांगं असतंच.

खमंग काकडी

नसतं.

कडकलक्ष्मी

आमच्या जर्मनीतल्या दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक बरणीवर वांगं लिहिलेलं असतं.

सांडगी मिरची

दोघीही थांबा. वांगं घालणारी घरंही आहेत आणि वांग्याचं नाव काढलं तर चमचा उगारणारी घरंही आहेत. माझ्या शेजारणीचं मत असं की वांगं घालतात ते मिरची वाचवायला. मी तिच्या बाजूने. कडकलक्ष्मी, वांगं हवंच असेल तर पिंजूर आणि मालिजानो हे वेगळे प्रकार आहेत. पिंजूरमध्ये मिरची, वांगं, टोमॅटो, लसूण, तुकडे जाडसर ठेवलेले. मालिजानो वांग्याचाच. आणि तिखट हवं असेल तर ल्युतेनित्सा, मिरची-टोमॅटोची, झणझणीत. हे सगळेच शाकाहारी, बहुतेक पोस्नोही.

मुंगीताई, तुम्ही सप्टेंबरात येताय ते उत्तम. शेवटच्या आठवड्यात स्कोप्येच्या बित पाझार या मंडईत जा. मिरच्यांची पोती ट्रकमधून उतरत असतात, आणि ऑक्टोबर लागेपर्यंत गल्लोगल्ली, सोसायट्यांच्या अंगणात भाजणं चालू असतं. अख्ख्या शहराला तो वास येतो.

निवांत नाना

मी आणि आमची ही निवृत्तीनंतर बाल्कन फिरलो तेव्हा ओह्रिडला मुक्काम होता. खाण्यातलं मला फार कळत नाही, पण बोझाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. बाजरी-मक्यासारखं धान्य शिजवून, आंबवून केलेलं पेय. दाटसर, फिकट तपकिरी, गार, गोड आणि मागून आंबट. पहिला घोट घेतला आणि ही म्हणाली, "अहो, ही तर साखर घातलेली आंबील." नाचणीच्या आंबिलीवर वाढलेल्या माणसाला बोझा लगेच पटतो, इतर पर्यटक तोंड वाकडं करतात असं दुकानदारच म्हणाला. उन्हाळ्यात त्यात आइस्क्रीमचा गोळा टाकून देतात. बुरेकाबरोबरही पितात.

बाटली भरून नेऊ नका. ते आंबत राहतं, संध्याकाळपर्यंत झाकण उडवतं.

मुंगी उडाली

नाना, दारू असते का त्यात?

निवांत नाना

नगण्य. शाळकरी पोरं पितात. हिने दोन ग्लास घेतले आणि नंतर चर्चच्या पायऱ्या माझ्या आधी चढली.

टपरीवाला

दारूचा विषय निघालाच आहे तर...

सांडगी मिरची

वाटच बघत होता ना?

राकिया. फळांची ऊर्ध्वपातित दारू, इथे मुख्यतः द्राक्षाची, शिवाय आलुबुखाराची वगैरे. ओकच्या पिंपात मुरवली की पिवळी होते. प्रत्येकाच्या काकाची घरची राकिया जगात सर्वोत्तम असते, आणि ती लेबल नसलेल्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीतून येते. घटाघट शॉट मारणाऱ्या परदेशी पोरांकडे इथली माणसं कीव करून बघतात. राकिया जेवणाआधी, सॅलडबरोबर, तासभर पुरवायची असते. उन्हाळ्यात शोप्स्का, हिवाळ्यात लोणवलेल्या भाज्या. एक छोटा घोट, एक घास, बऱ्याच गप्पा. ग्लास रिकामा दिसला की यजमान भरतो, म्हणून पुरे झालं की तळाशी थोडी ठेवून द्या. "ना झ्द्राव्ये" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यात बघा. हिवाळ्यात साखर घालून गरम केलेली राकिया मिळते, सर्दीवर म्हणून पितात, सर्दी नसतानाही पितात.

मास्तिका म्हणजे बडीशेपेच्या जातीची, पाणी घातलं की दुधाळ होणारी. स्त्रुमित्साची प्रसिद्ध. मला नाही आवडत.

पण खरं प्यायचं असेल तर वाइन. देशाच्या मध्यावर वार्दार नदीच्या खोऱ्यात तिक्वेश भाग, कावादार्त्सी आणि नेगोतिनो ही गावं. तिथे द्राक्षाशिवाय बोलणं नाही. तिक्वेश याच नावाची वायनरी १८८५ सालची. लालमध्ये व्रानेत्स: रंग इतका गडद की दात जांभळे होतात, चव भरीव, मांसाबरोबर छान. स्तानुशिना ही अस्सल स्थानिक जात, हलकी, कमी ठिकाणी मिळते, दिसली तर सोडू नका. पांढऱ्यात तेम्यानिका सुगंधी. आणि स्मेदेरेव्का, तिचं फार कौतुक कोणी करत नाही, पण जुलैच्या चाळीस अंशांत अर्धी स्मेदेरेव्का अर्धा सोडा हाच श्प्रित्सेर सगळे पितात. सप्टेंबरात कावादार्त्सीला द्राक्षतोडणीचा उत्सव असतो. १४ फेब्रुवारीला संत त्रिफुनचा दिवस, त्या दिवशी वेली छाटून बुंध्याशी वाइन ओततात. उरलेली पितात हे सांगायला नको.

बिअर स्कोप्स्को. गार असली की झालं, जास्त बोलण्यासारखं काही नाही.

डबेवाली सून

न पिणाऱ्यांसाठी पण लिहा हो.

सांडगी मिरची

तुर्की कॉफी, छोट्या कपात, गाळ तळाशी. तो गाळ ढवळू नका आणि पिऊही नका. डोंगरी चहा: शार पर्वताकडची रानवनस्पती जुडीच्या जुडी विकायला असते, उकळून मध घालून घ्यायची. बाजारातून एक जुडी घेऊन या, वजन काही नसतं. घट्ट नसलेलं, पिण्याचं दही बुरेकाबरोबर. बितोलाजवळच्या झऱ्याचं पेलिस्तेर्का हे बुडबुड्यांचं खनिज पाणी, जड जेवणावर उतारा.

ऐतिहासिक उसळ

सिकंदराचं राहू दे. मासे? ओह्रिडचा ट्राउट जगप्रसिद्ध आहे असं वाचलं होतं.

निवांत नाना

तिथे आम्ही मुक्कामाला होतो त्या घरमालकांनीच सांगितलं म्हणून लिहितो. ओह्रिड तलाव युरोपातल्या सर्वांत जुन्या तलावांपैकी, आणि तिथला ट्राउट जगात दुसरीकडे कुठे नाही. इतका मारला की मासेमारीवर बंदी घालावी लागली होती. "ओह्रिड ट्राउट" म्हणून ताटात येतो तो बहुधा तळ्यात पाळलेला, कित्येकदा साधा रेनबो ट्राउट. चवीला वाईट नाही, पण रानातला खरा म्हणून चढा भाव लावला तर देऊ नका, आणि खरंच तसा असला तर खाऊच नका. त्याऐवजी प्लाशित्सा मागवा. बोटभर, चंदेरी, कुरकुरीत तळलेली, काट्यासकट खायची. तिच्याच खवल्यांच्या लेपापासून तिथले प्रसिद्ध ओह्रिडचे मोती बनवतात, दुकानांतून दिसतील.

पलीकडे स्ट्रुगाला ईल मिळतो, यागुला. हा मासा अटलांटिकच्या सार्गासो समुद्रात जन्मून नदीवाटे इथवर यायचा. द्रिम नदीवर धरणं झाली आणि ती वाट बंद पडली. आता पिल्लं आणून सोडतात. अवांतर: स्ट्रुगाला दर वर्षी कवितांचा मोठा मेळा भरतो, त्यांचा सुवर्णहार हा पुरस्कार १९८३ साली आपले हिंदी कवी अज्ञेय यांना मिळाला होता. पुलावर उभं राहून मी हिला त्यांची एक कविता म्हणून दाखवली, ती म्हणाली आधी जेवून घेऊ.

डबेवाली सून

नाना, काकूंना आमच्याकडून नमस्कार सांगा.

ओह्रिडचीच भर घालते. ग्योम्लेझे. कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओत दिसत नाही, पण मी जेवढं खाल्लं त्यात हेच पहिल्या नंबरवर. साहित्य बघाल तर हसाल: पीठ, पाणी, मीठ, तेल. पातळ पीठ गोल परातीत डावभर ओतायचं, वर निखाऱ्यांनी तापवलेलं लोखंडी झाकण ठेवायचं. खालून नव्हे, वरून भाजायचं. थर धरला की झाकण उचलून तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा डावभर पीठ, पुन्हा झाकण. असे थरावर थर. दोन-तीन तास सहज जातात, आणि तेवढा वेळ कोणीतरी चुलीपाशी बसून राहावं लागतं. कापल्यावर कडेने पानं पानं सुटलेली दिसतात, वरचा थर खरपूस, आतले मऊ. ताक-दही, लसणाचं तोंडीलावणं किंवा सिरेन्येबरोबर खातात. हॉटेलात असंच मागितलं तर मिळत नाही, आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. मुंगीताई, तुमच्या सासूबाईंसाठी हेच. कांदा नाही, लसूण वेगळा असतो, अंडं नाही.

मुंगी उडाली

अगं सोन्या, हे सांगून तू माझा संसार वाचवलास. भात मिळतो का? दोन दिवस पावावर राहिल्या की त्या "नुसता वरण-भात" सुरू करतात.

सांडगी मिरची

मिळतो, आणि इथलाच पिकलेला! पूर्वेला कोचानीच्या खोऱ्यात ब्रेगालनित्सा नदीकाठी भातखाचरं आहेत, जूनमध्ये हिरवीगार दिसतात. दाणा जाड, शिजल्यावर चिकट. पण वरणाबरोबर नुसता भात हा प्रकार नाही. भात मिरचीत भरतात, आंबवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळून सार्मा करतात (उपासाच्या सार्म्यात मांस नसतं, ६ जानेवारीच्या रात्री घरोघरी असाच करतात), किंवा गोड करतात. सुत्लियाश म्हणजे दुधातला भात, गार, वर दालचिनीची पूड. सासूबाईंना तो दाखवा. पण वेलची शोधू नका.

घर किंवा फ्लॅट भाड्याने घेणार असाल तर वरणाचं तुमचं तुम्ही बघा. मसूर सगळीकडे मिळते, हळद घेऊन या.

कडकलक्ष्मी

गोडावर एवढंच?

सांडगी मिरची

बकलावा, तुलुंबा, कदाइफ हे तुर्कांच्या काळापासूनचे, पाकातले. त्रिलेचे हा तीन दुधांत भिजवलेला केक अल्बेनियन बेकऱ्यांतून आला आणि आता सगळीकडे, फार गोड. मला जपावंसं वाटतं ते स्लात्को. कच्चे हिरवे अंजीर, चेरी, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग, अख्खं फळ आकार न मोडता साखरेच्या पाकात मुरवलेलं. कोणाच्या घरी गेलात की आधी हेच येतं: ट्रेमध्ये छोटी वाटी, चमचा, शेजारी पाण्याचा ग्लास. एक चमचा घ्यायचा, पाणी प्यायचं, चमचा ग्लासात ठेवायचा. मग कॉफी. मी नवीन होते तेव्हा शेजारच्या पोरीने डोळ्यांनी खुणावलं म्हणून निभावलं, नाहीतर वाटी उचलून संपवायच्याच बेतात होते. आता तरुण घरांत हे कमी झालंय, कॉफीबरोबर पुडीतली बिस्किटं येतात.

टपरीवाला

दोन शंका. आयवार आणि राकिया भारतात आणता येतात का?

खमंग काकडी

आयवार हातातल्या सामानात नको, सुरक्षा तपासणीत ते द्रव पदार्थात मोजतात, शंभर मिलिलिटरच्या वर असलं की बरणी गेली. चेक-इन बॅगेत, जाड मोज्यात घालून.

सांडगी मिरची

दारू दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. घरगुती बाटली मात्र नका आणू. लेबल नसलेल्या पाण्याच्या बाटलीत काय आहे हे कस्टमवाल्याला समजावत बसाल. दुकानातली सीलबंद घ्या. आणि बुकोवेत्सची पाकिटं भरपूर घ्या, स्वस्त आहेत, भावकीत वाटायला बरी.

मुंगी उडाली

शेवटचा प्रश्न, मग धागा तुमचा. आमचं विमान स्कोप्येत सकाळी सातला उतरतं, हॉटेलची खोली दुपारी दोनला. तोवर चौघांनी कुठे काय खायचं?

सांडगी मिरची

सामान हॉटेलात टाका आणि थेट जुन्या बाजाराकडे. बेकरीला पेकारा म्हणतात, पहाटेच उघडतात. अक्षरं रशियन वळणाची, त्यामुळे पाटी वाचत बसू नका, दारातून वाफ येतेय का बघा. तुमच्यासाठी गोल परातीतला चीजचा बुरेक, वजनावर किंवा पाव-अर्धा असा कापून देतात, सोबत पिण्याचं दही. मुलांना सिमित-पोगाचा द्या, हा खास स्कोप्येचा नाश्ता: भाजलेल्या कणकेचा तुकडा दुसऱ्या पावात घालून. पावात पाव, पोटाला भक्कम. सासूबाईंना रिकामा बुरेक, त्यात सारण नसतं, वर पिठीसाखर भुरभुरून देतात.

दहाच्या आत पोचा. अकरानंतर उरतो तो कडेचा, थंड.